हायड्रोलिकचं सोवळं

न्यूझीलंडमध्ये गॅरेजात गाडी ठेवायची पद्धत नाही. गाडी बाहेर पावसात भिजत असते आणि आत वेल्डिंगचं मशीन, बेंच ग्राइंडर, आजोबांच्या काळापासून साठवलेले नटबोल्ट आणि निम्मी उघडलेली एखादी बोट सुखानं नांदत असते. शहराबाहेर एकर-दोन एकर जमीन असली की गॅरेजची शेड होते आणि बोटीच्या जोडीला डिगर येतो. डिगर म्हणजे ज्याला महाराष्ट्रात, कंपनी कुठलीही असो, जेसीबी म्हणतात ते. आपल्याकडे जेसीबी भाड्यानं येतो. त्याच्यासोबत ऑपरेटर येतो, ऑपरेटरसोबत हेल्पर येतो आणि खोदकाम बघायला गाव येतं. निवडणूक असली तर खोदायचीही गरज नसते. बकेटमधला गुलाल उमेदवाराच्या डोक्यावर रिता केला की मशीनचं काम संपलं. इथे मशीन घरचं, ऑपरेटर घरचा आणि बघायला फार तर कुंपणापलीकडच्या मेंढ्या. दाताचे डॉक्टर, शाळामास्तर, निवृत्त पोस्टमन, कुणाच्याही शेडमधून दोन-तीन टनांचा डिगर निघू शकतो. आठवडाभर तो गप्प असतो आणि शनिवार उजाडला की सगळ्या टेकडीवर डिझेलची धडधड सुरू होते.

आमच्या एका स्नेह्यांनी असा डिगर घेतला, तोही बॉम्बेत. हे बॉम्बे ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, महामार्गाच्या कडेला आहे. 1863 साली ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून आलेली विलायती कुटुंबं इथे वसली आणि जहाजाचं नाव गावाला चिकटलं. ज्वालामुखीची तांबडी माती, कांद्याबटाट्याची शेतं, वर ढगाळ आभाळ. मूळच्या मुंबईत ज्यांना बाल्कनीसुद्धा परवडली नव्हती त्यांनी या बॉम्बेत दोन एकर घेतले. दोन एकरांबरोबर पावसाच्या पाण्याची टाकी आली, सेप्टिक टँक आला, खडीचा रस्ता आला आणि दर हिवाळ्यातल्या पावसात बुजणारा एक चर आला. चर खणायला माणसाचा भाव विचारला आणि तो ऐकल्यावर स्नेही थेट डिगरच घेऊन आले.

डिगर जपानमध्ये एक जन्म काढून आलेला. त्याच्यावरच्या सगळ्या सूचना जपानी लिपीत. सीटशेजारी ठळक लाल अक्षरांत काहीतरी बजावलं होतं. ते धोक्याचं आहे हे रंगावरून कळत होतं. धोका कशाचा, ते कळत नव्हतं. शेवटी फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून घेतलं. ‘वापरण्यापूर्वी पुस्तिका वाचा,’ एवढंच होतं. पुस्तिका अर्थातच जपानमध्ये राहिली होती. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, पट्ट्यांखाली लिंबं ठेवली, आणि डिगर बॉम्बेकर झाला.

महिन्याभरात त्याचं दुखणं बाहेर आलं. बूम, म्हणजे डिगरचा हात, वर धरून इंजिन बंद केलं की तो जागेवर थांबायचा नाही. चहा पिऊन यावं तर हातभर खाली. शिवाय रॉडवर तेलाची ओली चमक. वहिनींचं निदान तयार होतं: ‘लिंबं स्वस्तातली आणली होती तुम्ही.’

हायड्रोलिक सिलिंडर ही दिसायला अगदी साधी गोष्ट. एक पोलादी नळा, आत पिस्टन, पिस्टनला जोडलेला क्रोमचा मुलामा दिलेला रॉड आणि नळ्याच्या तोंडाशी ग्लँड, ज्यातून रॉड आतबाहेर करतो. पंप पिस्टनच्या एका बाजूला तेल दाबतो, रॉड बाहेर येतो. दुसऱ्या बाजूला दाबतो, रॉड आत जातो. आपल्या ऊसवाल्याच्या डंपिंग ट्रॉलीचा जॅक हाच. या सगळ्या पोलादाची इभ्रत मात्र रबराच्या आणि प्लास्टिकच्या चार-सहा कड्यांवर असते. त्यांना सील म्हणतात, आणि त्या दोन तऱ्हांनी दगा देतात. ग्लँडमधलं सील गेलं तर तेल रॉडवरून बाहेर ओघळतं. ही गळती प्रामाणिक. जमिनीवर डाग पडतो, चारचौघांत बोभाटा होतो. पिस्टनवरचं सील गेलं तर तेल या कप्प्यातून त्या कप्प्यात आतल्या आत सरकतं. बाहेर थेंब नाही, आवाज नाही आणि बूम हळूहळू खाली बसतो. मराठी माणसाला हा दुसरा प्रकार ताबडतोब समजतो. आपल्या कितीतरी सहकारी संस्था अशाच खाली बसल्या, आणि बाहेर शेवटपर्यंत थेंब दिसला नाही. दोष कंट्रोल व्हॉल्व्हमध्येही असू शकतो. पण व्हॉल्व्हचा संशय घ्यायचा म्हणजे खर्चाला आवतण, म्हणून प्रत्येक जण आधी सीललाच दोष देतो.

आता खरा प्रश्न उभा राहिला: हे करायचं कुणी?

महाराष्ट्रात हा प्रश्न उभाच राहत नाही. तिथे ‘ओळखीतला माणूस’ असतो. कोल्हापुरात उद्यमनगरला, पुण्यात भोसरीला, नाहीतर तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे एक पत्र्याची टपरी असते, तिथे एक मिस्त्री असतो आणि त्याच्या हाताखाली एक बारक्या असतो. मिस्त्री मशीनकडे लांबूनच बघतो, पान थुंकतो आणि म्हणतो, ‘वायसर गेलाय.’ आपण विचारतो, ‘कधी होईल?’ तो म्हणतो, ‘उद्या.’ तो ‘उद्या’ पंचांगात नसतो. आपण चिडतो, घासाघीस करतो, ‘एवढ्याशा रबराचे एवढे?’ असं विचारतो, आणि मशीन चालू झालं की मिस्त्रीला विसरून जातो. आपलं कर्तृत्व माणूस शोधण्यापुरतं. कुणाचं काय बिघडलं की ‘माझ्या ओळखीत आहे एक’ असं म्हणताना आपल्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मिस्त्रीच्या चेहऱ्यावर काम करतानाही नसतं.

न्यूझीलंडमध्ये मिस्त्री आहे, कसबी आहे, त्याच्याकडे व्हॅन आहे आणि ताशी शंभर डॉलरच्या पुढचा दर आहे. वर 15 टक्के जीएसटी. त्याच्याशी घासाघीस करायची सोय नाही; तो हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो. सील किट स्वस्त, पण ती बसवणारा हात महाग. म्हणून इथला माणूस लहानपणापासून स्वतःचे हात वापरायला शिकतो. सरकारचाही त्याला आडकाठी करण्याचा विचार दिसत नाही. घरमालकाला आपल्या घरातलं विजेचं काही वायरिंग स्वतः करायची इथे चक्क कायद्यानं मुभा आहे. मागाहून परवानाधारक तपासनीस येऊन ते बघतो. आपल्याकडे नवरा बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी घरात मेन स्विच बंद करायची धावपळ होते.

सगळं स्वतःच करायच्या या वृत्तीला इथे आठ नंबरच्या तारेचं नाव आहे. आठ नंबरची तार म्हणजे कुंपणाची, चार मिलिमीटर जाडीची. तेवढ्यावर काहीही दुरुस्त होतं ही श्रद्धा. श्रद्धेला दैवतंही आहेत. दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक इथे राहणाऱ्या बिल हॅमिल्टन यांना घरापुरती वीज हवी होती. विजेला बंधारा हवा, बंधाऱ्याला माती उपसायचं यंत्र हवं, तर त्यांनी आधी यंत्र बनवलं. पुढे 1950च्या दशकात उथळ नदीतून उलट्या प्रवाहानं धावणारी जेट बोट काढली ती यांनीच. इन्व्हरकार्गिलचे बर्ट मन्रो 1920 सालची एक मोटरसायकल शेडमध्ये बसून आयुष्यभर सुधारत राहिले. पिस्टन घरीच ओतायचे. फुटलेल्या भागांची फळी मांडून वर लिहिलं होतं: वेगाच्या देवाला अर्पण. 1967 साली, वयाच्या 68व्या वर्षी, अमेरिकेतल्या मिठागरावर त्याच गाडीनं त्यांनी विक्रम केला.

आपल्याकडे अशी माणसं नव्हती असं नाही. बाबूराव पेंटरांनी 1918च्या सुमारास कोल्हापुरात सहकारी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली विकता-दुरुस्त करता करता लोखंडी नांगराचा ध्यास घेतला. मग मधे कधीतरी आपण सर्वानुमते ठरवलं की हुशार मुलानं हात काळे करायचे नाहीत. हुशार मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर होणार, म्हणजे परीक्षेत पास्कलचा नियम पाच मार्कांना लिहिणार आणि कॅम्पसमधून उचलला जाऊन बंगळूरला कीबोर्ड बडवणार. आमचे स्नेही त्यातलेच. पास्कल त्यांना अजून तोंडपाठ होता, पण दोघांची समोरासमोर गाठ कधी पडली नव्हती.

ती पडली एका शनिवारी. मला जेवायला बोलावलं होतं. शेडमध्ये गेल्यावर कळलं की मी बारक्या आहे.

शेजारचे एक शेतकरी आजोबा मार्गदर्शनाला आले होते. स्नेही त्यांना ‘सर’ म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आजोबांनी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. आजोबांचा नियम एकच, पण तो त्यांनी तीनतीनदा म्हणून घेतला: बूम आणि बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, मग सगळ्या तरफा पुढेमागे हलवून अडकलेला दाब सोडा, आणि त्यानंतरच पान्याला हात लावा. यात हसण्यासारखं काही नाही. 80 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब 200 बार धरला तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलो. गुणाकार केला की दहा टन होतात. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर त्यातून येणारी तेलाची धार डोळ्यांना धड दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. बाहेर टोचल्याएवढी खूण. दुखतही नाही फारसं. आत मात्र तेल मांस नासवत जातं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी कधी हात जातो. म्हणून गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. या देशात अपघाताचा उपचारखर्च आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा वाटा एसीसी ही सरकारी संस्था देते, चूक कुणाची हे न विचारता. ही योजना सुरू झाली 1 एप्रिल 1974 रोजी. तारखेची निवड योगायोगाची असावी. पण बोट ती परत देत नाही.

दाब सोडला, पिना ठोकून काढल्या, नळीच्या तोंडांना बुचं मारली आणि सिलिंडर बाकावर घेतला. ग्लँड फिरेना. जपानमधून बसून आलेली ती, हलणार कशाला? तिला ऊब दिली, साखळीपाना लावला, पान्याला पाइप जोडला, पाइपाला स्नेही लोंबकळले, स्नेह्यांना मी. कॉलेजात याला टॉर्क म्हणायचे आणि तो फळ्यावर बाणानं दाखवायचे. बाणाला घाम येत नाही. शेवटी आजोबांनी चहाचा मग खाली ठेवला, ग्लँडच्या कडेला पितळी ड्रिफ्टनं दोन टोले दिले आणि ती बोटानं फिरायला लागली. आजोबा म्हणाले, ‘शी’ल बी राइट,’ म्हणजे होईल सगळं ठीक. मराठीत या जागी मिस्त्री पान थुंकतो.

रॉड, पिस्टन बाहेर आले आणि शेडची हवाच बदलली. इतका वेळ गंज, चिखल, ग्रीस, घण असा मामला होता. इथून पुढे सोवळं सुरू झालं. उघड्या सिलिंडरला धुळीचा कण चालत नाही. लिंट सोडणारं फडकं चालत नाही. ग्राइंडर बंद, झाडू बंद, शेडचं दार ओढून घ्यायचं. स्नेह्यांनी हात कोपरापर्यंत धुतले आणि नवी सील ज्या ताटलीत ठेवली होती तिच्याजवळून कुत्र्याला असं हाकललं की माझ्या आजीची आठवण व्हावी. तिनंही वडे तळताना आम्हाला एवढ्या तुच्छतेनं लांब ठेवलं नव्हतं. वाळूचा एक दाणा आत राहिला तर तो नळ्यावर ओरखडा काढतो, ओरखडा सील कापतो आणि पुढच्या महिन्यात सगळे विधी पहिल्यापासून.

जुनं सील हातात घेतलं तर त्याची एक कड झिजून कागद झाली होती. नवं सील कडक. ते कोमट तेलात ठेवायचं, मग बोटांनी आतल्या बाजूला मुडपून ग्लँडच्या खाचेत सोडायचं आणि बोथट प्लास्टिकनं हळूच बसवायचं; स्क्रूड्रायव्हर लावला की संपलं. रॉडच्या आट्यांवरून सरकवताना आट्यांना चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर नवं कोरं सील जन्मतःच कापलं जातं. आणि तोंड! सीलला पन्हळीसारखे दोन ओठ असतात, ते दाबाच्या बाजूला हवेत. उलटं बसलं तर ते तेल अडवायचं सोडून वाट करून देतं.

या दोन ओठांमागे एक जुनी कहाणी आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी 1795 साली हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलचं, नळा ब्रामांचा, पण दाब वाढवला की पाणी पिस्टनच्या कडेनं फवारायचं. त्यांच्या कारखान्यातला हेन्री मॉडस्ले नावाचा तरुण कारागीर. त्यानं कातड्याची अशी वाटी बसवली असं सांगतात, की पाण्याचा दाबच तिच्या कडा पसरून भिंतीला चिकटवील. दाब जितका जास्त तितकी ती घट्ट. डिगरमधलं सील आजही तेच करतं. मॉडस्लेला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. त्यानं पगारवाढ मागितली, मालकानं नाही म्हटलं, तो 1797 साली निघून गेला आणि स्वतःचा कारखाना काढून इंग्लंडातला नामांकित यंत्रकार झाला. ‘एवढ्याशा वायसरचे एवढे?’ हा प्रश्न मराठी नाही, हे कळून बरं वाटतं.

कातड्याची ती वाटी महाराष्ट्रानंही बघितली आहे, बोअरच्या हापशात. दुष्काळी मराठवाड्यात ओतीव लोखंडाचे विलायती धर्तीचे हापसे गावाच्या वापरापुढे टिकेनात, तेव्हा जालन्याच्या स्कॉटिश मिशननं मजबूत हापसा घडवला. त्याच वाटेनं सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश इंजिनिअरनं आपला काढला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं त्यातून ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला, जो पुढे आफ्रिकेतही गेला. त्याच्या पोटात, जमिनीखाली खोल, सिलिंडर आणि पिस्टनवर कातडी वॉशर. वॉशर झिजला की बायका हापसून थकायच्या, आणि तो बदलायला सगळे पाइप वर ओढून काढावे लागायचे. पुढच्या ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता नुसता पिस्टन वर घेता यावा आणि गावातल्या माणसालाच तो दुरुस्त करता यावा. दुरुस्ती घरच्या घरी व्हावी म्हणून यंत्रच बदललं. कातड्याच्या जागी नायट्राइल रबर आलं. स्नेह्यांच्या ताटलीतल्या ओ-रिंगा त्याच रबराच्या.

दहा वाजता इथे काम थांबतं. त्याला स्मोको म्हणतात आणि तो कुणी चुकवत नाही. वहिनींनी कांदेपोहे पाठवले. आजोबांनी हिरवी मिरची बाजूला काढून विचारलं, हा पार्ट किटमध्ये कुठे बसतो? मग त्यांनी सर एडमंड हिलरींच्या गोष्टी सांगितल्या. एव्हरेस्टनंतर हिलरींना अंटार्क्टिकावर ब्रिटिश मोहिमेसाठी वाटेत रसद साठवायला पाठवलं होतं. ते काम झाल्यावर माणूस परत फिरायचा. हे फर्ग्युसनचे शेतीचे ट्रॅक्टर घेऊन तसेच पुढे गेले आणि 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले. नांगर हायड्रोलिकनं उचलण्याची सोय ज्यानं जगभर नेली तोच हा छोटा फर्ग्युसन. नव्वदच्या दशकात इथली पाच डॉलरची नोट निघाली तेव्हा हिलरींच्या चेहऱ्याशेजारी तो ट्रॅक्टरही छापला. आपल्या पाच रुपयांच्या नोटेवरही मागे ट्रॅक्टर आहे. फरक एवढाच की आपल्या नोटेवर तो शेतकरी चालवतो आणि यांच्याकडे तो चालवायला ‘सर’ बसतात. शिवाय त्या सरांनाही लोक नुसतं ‘एड’ म्हणत. आपल्याकडे ज्याला ‘सर’ म्हणतात त्यानं पान्याला हात लावला तर चार जण धावत येतात: ‘सर, तुम्ही कशाला?’

दुपारी सगळं जुळलं. पिस्टनचा नट ठरल्या टॉर्कला आवळला, सिलिंडर जागेवर चढवला, तेल भरलं, बूम सावकाश वरखाली करून हवा काढली. मग बूम हातभर उंच धरून खडूनं खूण केली आणि आम्ही लांब जाऊन बसलो. जेवण झालं, श्रीखंड झालं, खूण जागेवर. सात टक्क्यांनी घराचं कर्ज मिळालं तेव्हाही मी स्नेह्यांचा चेहरा बघितला होता. त्यात ही चमक नव्हती. ऑफिसात त्यांनी आजवर जे काही बनवलं ते पडद्यावर होतं, आणि ते चाललं की नाही हे मीटिंगमध्ये ठरायचं. इथे मीटिंगची गरज नव्हती. बूम खाली आला नव्हता. दहा टनांना तुमचा हुद्दा दिसत नाही, सीलची बाजू बरोबर आहे की नाही एवढंच दिसतं.

ही बातमी ऑकलंडच्या मराठी मंडळींत पसरायला गणपती लागले नाहीत. कुणाचं लाकूड फोडायचं यंत्र गळत होतं, कुणाच्या ट्रेलरचा जॅक उचलत नव्हता, एका काकूंचा स्वयंपाकघरातला नळ. गणपतीत आरतीनंतर ज्याचा त्याचा चेहरा त्या जुन्या तेजानं उजळलेला: ‘अहो, माझ्या ओळखीत आहे एक, बॉम्बेला असतो.’ परवा मी शेडमध्ये असताना असाच एक फोन आला. स्नेही डिगरखाली आडवे, हात कोपरापर्यंत काळे. फोन मीच त्यांच्या कानाला धरला, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू आलं. ‘एवढंसं तर रबर असतं हो ते,’ पलीकडचे सद्गृहस्थ म्हणत होते, ‘आपल्यातलेच आहात, जास्त लावू नका. मग, कधी येताय?’

स्नेह्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

‘उद्या,’ ते म्हणाले.